काच पुसायचे किती घ्यायचे? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या वेळी खिडक्या-काचा साफ करायच्या धंद्याबद्दल बरीच पत्रं आली, त्यातली तीन घेतोय. आपल्याकडे जळगाव, भुसावळ, धुळ्यात नव्या घरांना स्लायडिंगच्या मोठमोठ्या खिडक्या आल्या, दुकानांचा दर्शनी भाग पूर्ण काचेचा झाला, पण पुसायचा भाव अजून कुणी नीट बसवलेला नाही, त्यामुळे प्रश्न सगळ्यांचे जवळपास सारखेच आहेत.

प्रश्न : भाऊ, मी जळगावला महाबळ भागात राहतो. खिडक्या साफ करायचं काम सुरू केलंय, सोबत एक पोरगा असतो, त्याला दिवसाचे ६०० देतो. भाव चौरस फुटाला ३ रुपये सांगतो कारण एका ओळखीच्याने तसंच सांगितलं होतं. परवा एका थ्री बीएचकेत चार बाय चारच्या ९ खिडक्या होत्या, दोघांना मिळून पाच तास लागले आणि बिल झालं ४३२ रुपये, वर मालक म्हणे ४०० करा. पोराची मजुरीसुद्धा निघाली नाही. भाव वाढवला तर गिऱ्हाईक पळतं. काय करू?

उत्तर : भाऊ, भाव कमी आहे हे तर दिसतंच, पण खरी गडबड मापात आहे. चौरस फूट हे माप फरशीला, रंगाला, पीओपीला ठीक, खिडकीला ते लागू पडत नाही. नुसती काच पुसायला फार वेळ लागतच नाही, हात बसलेला माणूस चार बाय चारची काच दोन-तीन मिनिटात वायपरने ओढून मोकळा होतो, वेळ जातो तो ट्रॅकमधली माती काढण्यात, जाळी धुण्यात, ग्रिलमागे हात घालण्यात आणि कोपऱ्यात बसलेले सिमेंटचे नि रंगाचे थेंब काढण्यात. यातलं काहीच चौरस फुटात येत नाही. शिवाय तुम्ही १४४ फूट एकाच बाजूचे धरलेत आणि पुसल्या दोन्ही बाजू.

म्हणून आधी स्वतःचा तास किती रुपयाला पडतो ते काढा. तुमचेच आकडे घेऊ. पोराचे ६००, तुमचे स्वतःचे ८०० (हे धरायलाच पाहिजेत, मालकाने स्वतःची मजुरी न धरणं ही आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसणारी चूक), पेट्रोल १००, साबण-कापड-रबर-ब्लेड मिळून १५०, झाले १६५०. मग पावसाचे दिवस, काम न मिळालेले दिवस, शिडी-पोलची झीज, यासाठी ३५० वर टाका. दिवस पडला २००० ला. आता दिवसात काचेवर खरं काम किती तास होतं? मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ ला जातो, तापलेल्या काचेवर साबणाचं पाणी ओढायच्या आतच वाळतं आणि लकेरी राहतात, म्हणजे सकाळी ७ ते ११ आणि संध्याकाळचे दोन तास, असे सहाच. २००० भागिले ६, म्हणजे दोघांचा तास साधारण ३४० रुपयांना.

आता तोच फ्लॅट बघा. पाच तासांचे १७००, ९ खिडक्यांनी भागले तर खिडकीमागे १९० च्या आसपास. गिऱ्हाइकाला तासाचा हिशोब सांगायचा नाही, तो फक्त तुमच्यासाठी, नाहीतर तो घड्याळ घेऊन मागे उभा राहील. त्याला सांगायचं, दोन्ही बाजूंची काच, ट्रॅक, जाळी धरून खिडकीला १९०. आणि लगेच पुढचं वाक्य, तीन महिन्यांनी परत बोलावलं तर ८०. कारण एकदा नीट साफ झालेली खिडकी दुसऱ्या वेळी निम्म्याहून कमी वेळात होते, सगळा फ्लॅट दोन तासात उरकतो, तुमचं काही जात नाही.

हे पहिल्या सफाईचा भाव वेगळा आणि नेहमीचा वेगळा ठेवणं सोडू नका, माझ्या मते धंदा टिकतो तो याच्यावरच. इंग्लंडात खिडक्या पुसणारे असंच करतात, ठरलेल्या घरांची फेरी असते, चार, सहा किंवा आठ आठवड्यांनी तेच घर परत, भाव घराप्रमाणे ठरलेला आणि पहिली खेप महाग. आपल्याकडे आठ आठवड्यांनी कुणी बोलावणार नाही हे मान्य, पण वर्षातून तीन-चार वेळा नक्की बोलावतील, उन्हाळ्यातली धूळ काय असते ते घरातल्या बाईला विचारा. असं बांधलेलं एक घर चार नवीन फोनपेक्षा मोलाचं.

घासाघीस होणारच. तेव्हा भाव खाली आणायचा नाही, काम कमी करायचं. "काकू, १७०० जास्त वाटत असतील तर जाळ्या राहू द्या, फक्त काच आणि ट्रॅक करतो, १३०० द्या." यात तुमचा तासाचा भाव तोच राहतो आणि समोरच्यालाही आपलं ऐकलं असं वाटतं. भाव असाच खाली आणला तर पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात होईल आणि शेजारच्यालाही तोच आकडा कळेल.

पांढरे डाग हे वेगळं काम, वेगळा भाव. बोअरचं पाणी क्षाराचं, बाथरूमच्या आणि बागेकडच्या काचांवर ते वाळून पापुद्रा बसतो. सायट्रिक ॲसिडचं पाणी किंवा पांढरा व्हिनेगर लावून थोडा वेळ ठेवला तर ताजा क्षार निघतो, पण वर्षानुवर्षं बसलेला काचेलाच खातो, तो निघत नाही. आधी तळहाताएवढ्या जागेवर करून दाखवा, निघाला तर भाव सांगा. आणि खिडकीचा ओटा कोट्याचा, शहाबादी किंवा मार्बलचा असेल तर जपा, हे दगड चुन्याचे, ॲसिडचा थेंब पडला की चमक गेली, भरपाई तुमच्या गळ्यात. संडासचं ॲसिड तर जवळही आणू नका, अ‍ॅल्युमिनियमचा सेक्शन, म्हणजे खिडकीची चौकट, काळी पडते. काम सुरू करायच्या आधी जुने ओरखडे मालकाला दाखवून मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

भुसावळ-पाचोऱ्याचं काम आलं तर जाण्यायेण्याचे तासही तुमचेच आहेत, म्हणून गावाबाहेर किमान बिल ठरवून टाका आणि एकाच दिवशी दोन कामं जुळली तरच जा. छज्ज्यावर उभं राहून बाहेरची काच पुसायचं काम कितीही पैसे दिले तरी घ्यायचं नाही, स्लायडिंगचा पल्ला बहुतेक वेळा वर उचलून आत काढता येतो, तसं होत असेल तर करा नाहीतर सरळ सांगा आतूनच होईल.

प्रश्न : आमचा भुसावळचा महिलांचा बचत गट आहे. आम्ही सहा जणी काचा, शोरूम, दवाखान्यांची सफाई करतो. दिवाळीच्या आधी पेपरात टाकून २००० पॉम्प्लेट वाटले, फोन आले फक्त अकरा, त्यातली कामं तीन. जाहिरात कशी करावी? आणि शोरूमवाले पक्कं बिल मागतात, त्याचं काय?

उत्तर : ताई, दिवाळीच्या तोंडावर पेपरातून साडीचं, फटाक्याचं, मिठाईचं, मोबाईलचं असे दहा कागद पडतात, तुमचा त्यात कोण बघणार. आणि तोपर्यंत घरं साफ झालेली असतात. आपल्याकडे घर खरं निघतं ते घटस्थापनेच्या आधी, गोधड्या-भांड्यांपासून सगळं धुवून काढतात, म्हणून तुमचा कागद नवरात्राच्या दोन-तीन आठवडे आधी गेला पाहिजे. दुसरी वेळ आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आधीची. लेकी माहेरी येतात, पाहुणे येतात, लग्नसराई असते आणि धुळीने खिडक्या भरलेल्या असतात. बाहेरचे जाहिरातवाले ही वेळ धरतच नाहीत, तुम्हाला मात्र ती माहीत आहे.

कागदावर "उत्तम सेवा, वाजवी दर" असलं लिहू नका, ते सगळेच लिहितात आणि वाचून कळत काहीच नाही. भाव लिहा. "स्लायडिंग खिडकी, दोन्ही बाजू, ट्रॅक आणि जाळीसकट, पहिल्यांदा अमुक, पुढच्या वेळी अमुक. भुसावळ शहरात. वेळ सकाळी ७ ते ११." भाव बघून ज्यांना परवडत नाही ते फोनच करणार नाहीत, यात नुकसान काही नाही, वीस जणांशी फोनवर बोलून दोन कामं मिळण्यापेक्षा सहा फोन आणि चार कामं बरी. कामाला महिला येतात हे ठळक लिहा, दिवसा घरात एकट्या असणाऱ्या बायकांसाठी ही मोठी गोष्ट आहे आणि हे दुसरा कुणी देऊ शकत नाही.

फोटो एकच टाका पण नीट. एकाच खिडकीचा एक पल्ला साफ, दुसरा तसाच, एकाच उजेडात काढलेला. दोन वेगळ्या खिडक्यांचे आधीचे-नंतरचे फोटो जोडले तर लोकांना शंका येते. हाच फोटो व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसच्या कॅटलॉगमध्ये भावासकट ठेवा. ब्रॉडकास्टचं, म्हणजे एकदम अनेकांना पाठवायच्या मेसेजचं, मात्र लक्षात ठेवा, ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो मेसेज जातो, म्हणून काम संपलं की तिथेच उभं राहून "ताई, नंबर सेव्ह करून ठेवा, पुढच्या वेळी कमी भावात येऊ" एवढं सांगायचंच. गूगलवर धंद्याची नोंद फुकट होते, घरचा पत्ता न दाखवता फक्त कुठल्या भागात जाता ते टाकता येतं. रिव्ह्यू मागा, पण त्याच्या बदल्यात सूट देऊ नका, गूगलच्या नियमात ते बसत नाही. विजेच्या खांबांवर, सरकारी भिंतींवर कागद चिकटवू नका, मालमत्ता विद्रूप करायला बंदी घालणारा राज्याचा १९९५ चा कायदा आहे आणि तसंही ते वाईट दिसतं, सफाईच्या धंद्याने भिंती घाण करणं मला अजिबात पटत नाही. त्यापेक्षा सोसायटीच्या सेक्रेटरीला भेटा, बोर्डवर लावायची परवानगी घ्या, आणि एकाच दिवशी एकाच इमारतीतली पाच घरं जमली तर प्रत्येकाला थोडं कमी करा, जाण्यायेण्याचा वेळ वाचतो त्यातून ते निघतं.

दुकानांना महिन्याचं बांधा. एका बाईला एका दुकानाची काच पंधरा मिनिटं, तुमचा एकीचा तास १६० चा पडत असेल तर खेपेला ४०, महिन्यात आठ खेपा, ३२० रुपये. हे एकट्या दुकानासाठी परवडणार नाही, पण एकाच ओळीतली सहा-सात दुकानं धरली तर सकाळी दुकानं उघडायच्या वेळी एका दमात होतात. आधी ओळीतल्या मधल्या दुकानाची काच चकाचक करा, आजूबाजूचे आपणहून विचारतात.

बिलाचं सोपं आहे. सेवेच्या धंद्याला वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते. त्याखाली असाल तर गटाचं नाव, तारीख, काम, रक्कम असलेलं साधं छापील बिल द्या, त्यावर जीएसटी लावायचा नाही. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान धंद्यांची सरकारी नोंदणी, मात्र करून घ्या, ऑनलाइन होते आणि पैसे लागत नाहीत.

प्रश्न : धुळ्याला देवपुरात एका बंगल्यावर गच्चीत काचेची खोली केलीय, वर पॉलिकार्बोनेटचं, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकच्या शीटचं, छत. मालकाला सगळं साफ करून पाहिजे. बाहेरच्या देशात अशा खोल्या साफ करतानाचे व्हिडिओ पाहिले, पण भाव काय सांगू?

उत्तर : न बघता काहीच सांगू नका. तिकडेही अशा काचेच्या खोलीच्या छताचा भाव खिडक्यांपेक्षा वेगळाच देतात, कारण शिडी, लांब पोल आणि धोका वाढतो. तुम्हीही तीन आकडे द्या, उभ्या काचा, छत बाहेरून, छत आतून. छतावर पाय ठेवायचा नाही, शीट तुटते. लांब पोल, मऊ ब्रश, साधं पाणी आणि सौम्य साबण एवढंच, ब्लेड, थिनर किंवा अमोनियाचा काच क्लीनर लावला तर शीट कायमची धूसर होते. पोलने धुवून तसंच वाळू देणार असाल तर बोअरचं पाणी वापरू नका, डाग राहतील, शेवटचं पाणी आरओचं घ्या. आणि मालकाला आधीच दाखवा, उन्हाने आलेला पिवळेपणा म्हणजे मळ नाही, पोकळ शीटच्या नळ्यांच्या आत शेवाळ गेलं असेल तर ते बाहेरून धुतल्याने जाणार नाही. हे दोन मुद्दे भाव लिहिलेल्या कागदावरच लिहून त्यांची सही घ्या, मग काम सुरू करा.