उशिरा सुरू करून मांगा आर्टिस्ट म्हणून करिअर होतं का?

प्रश्न असा आहे: वय ३४, नोकरी चालू आहे, चित्रं बरी येतात, पण जपानमध्ये सगळे विशीच्या आतच सुरू करतात असं वाचलं, मग उशिरा सुरू करून कुणाचं काही झालंय का, की नाद सोडून देऊ?

झालंय ना. शिगेरू मिझुकी. पहिलं मांगा पुस्तक (मांगा म्हणजे जपानी कॉमिक्स) छापून आलं १९५८ मध्ये, तेव्हा हा माणूस ३५ चा होता आणि डावा हात दंडापासून नव्हता. पहिलं मोठं बक्षीस मिळालं ४३ व्या वर्षी. आता हे वाचून 'बघा, तो करू शकतो तर तुम्ही का नाही' असलं काहीतरी येणार असं वाटलं असेल तर थांबा, त्या टाइपच्या फॉरवर्डचा मला वैताग आहे. त्याची गोष्ट जरा वेगळी आहे, आणि तुमच्या प्रश्नाला ती जास्त लागू पडते असं मला वाटतं.

जन्म १९२२ चा, ओसाकाचा, पण वाढला साकाइमिनातो नावाच्या समुद्राकाठच्या लहान गावात. घरी एक म्हातारी यायची, तिला सगळे नोन्नोन्बा म्हणायचे. तिला भुताखेतांची सगळी खानेसुमारी पाठ. छतावर डाग दिसला की म्हणायची, रात्री एक लांब जिभेचं भूत येऊन छत चाटून गेलंय. आपल्याकडे कोकणातल्या आज्या देवचार नि मुंजाबद्दल सांगतात ना, अगदी त्याच सुरात, घाबरवायला कमी आणि शेजाऱ्याची माहिती दिल्यासारखं जास्त. जपानीत या मंडळींना योकाई म्हणतात. पोराने सगळं डोक्यात साठवून ठेवलं.

मग युद्ध. सैन्यात भरती होऊन गेला थेट राबाउलला, म्हणजे आत्ताच्या पापुआ न्यू गिनीत. तिथे एका पहाटे हा पहाऱ्यावर होता, दुर्बिणीतून पोपट बघत बसला होता, आणि तेवढ्यात हल्ला होऊन तुकडीतले बाकीचे सगळे मेले. हा समुद्रात उडी मारून, जंगलातून पळत कसाबसा परत पोचला तर वरिष्ठांनी काय म्हणावं? सगळे मेले तर तू का नाही मेलास, आणि बंदूक कुठे टाकलीस. पुढे मलेरियाने पडलेला असताना बॉम्बहल्ल्यात हात गेला, तो भूल न देताच कापला. त्या सगळ्यात जीव लागला तो फक्त तिथल्या तोलाई गावकऱ्यांना. ते याला फळं खायला द्यायचे, इथेच राहा म्हणाले, जमीन देतो, घर बांधून देतो. हा खरंच राहणार होता पण कसाबसा घरी गेला, परत येईन म्हणून सांगून, आणि पंचवीसेक वर्षांनी खरंच गेला.

आता तुमच्या मुद्द्यावर येतो, म्हणजे करिअर. परत आल्यावर मासे विकले, आर्ट स्कूलला नाव घालून सोडलं, कोबे शहरात मिझुकी-सो नावाची जुनी बिल्डिंग घेऊन भाडेकरू ठेवले. तिथलंच नाव चिकटलं, खरं आडनाव मुरा. मग कामिशिबाईची चित्रं काढायला लागला. कामिशिबाई म्हणजे सायकलवर चौकट घेऊन येणारा माणूस, एकेक चित्र सरकवत मुलांना गोष्ट सांगणार आणि गोळ्या विकणार, आपल्या पिंगुळीच्या चित्रकथीचा लांबचा भाऊ म्हणा. घराघरात टीव्ही आला आणि हा धंदा बसला. मग टोकियोला जाऊन काशिहोनमध्ये शिरला, म्हणजे पुस्तकं भाड्याने देणाऱ्या दुकानांसाठीच छापली जाणारी मांगा पुस्तकं. ३५ व्या वर्षीचं ते पहिलं पुस्तक, रॉकेटमॅन, ते हेच. तर पुढच्या काही वर्षांत साप्ताहिकं आणि टीव्ही मिळून तोही धंदा संपला.

म्हणजे बघा, ३५ व्या वर्षी सुरू करणं हा याचा प्रॉब्लेम कधीच नव्हता. हा ज्या गाडीत बसायचा तीच बंद पडायची, हा प्रॉब्लेम होता. आणि पैसे? प्रकाशक रोख द्यायचेच नाहीत, पुढच्या तारखेची हुंडी द्यायचे आणि ती बऱ्याचदा वटायचीच नाही. कितारो, ज्याच्यामुळे तो पुढे घराघरात पोचला ते पात्र, त्याचीसुद्धा मालिका त्याने १९६० मध्ये एका प्रकाशकाकडे सुरू केली, त्याने पैसे थकवले, हा सोडून गेला तर त्या बाबाने दुसराच आर्टिस्ट धरून कितारो चालू ठेवला! (तसं कितारोचं मूळही मिझुकीचं नाही, युद्धाआधीच्या एका कामिशिबाईतून आलंय, पण एक डोळ्याचा स्मशानात जन्मलेला पोरगा आणि नुसता डोळा उरलेला, चहाच्या वाडग्यात अंघोळ करणारा त्याचा बाप, हे जे आज सगळ्यांना माहितीये ते याने रंगवलेलं.)

याच काळात लग्न. १९६१, ओमिआई म्हणजे शुद्ध कांदेपोहे, आणि भेटल्यापासून पाचव्या दिवशी लग्न उरकलं. नवरा टोकियोत पुस्तकं काढतो एवढंच ऐकून आलेल्या बाईला घरात बघायला मिळालं दारिद्र्य. बाजारातून काळी पडत आलेली केळी यायची कारण ती स्वस्त. नुनोए बाईंनी पुढे आठवणी लिहिल्या, त्यावर २०१० मध्ये एनएचके या जपानी सरकारी चॅनेलची सकाळची मालिका आली आणि प्रचंड चालली.

मला सगळ्यात भारी वाटतं ते त्या दोघांचं काम करणं. तो डाव्या खांद्याने कागद दाबून धरायचा, तोंड जवळजवळ कागदाला टेकलेलं, आणि उजव्या हाताने रेघ ओढायचा. बायको शेजारी बसून बॅकग्राउंडला शाई भरायची. मिझुकीचं पान कधी मोठं करून बघा, माणसांचे चेहरे एकदम साधे, गोल, दोन टिंबं नि एक रेघ, आणि मागचं झाड, भिंत, डोंगर मात्र हजारो ठिपक्यांनी बारीक बारीक भरलेलं, फोटो वाटावा इतकं. माझ्याकडे त्याच्या शोवाचे, म्हणजे त्याने कॉमिकमध्ये काढलेल्या जपानच्या इतिहासाचे, इंग्रजीतले चार जाड खंड आहेत (घरच्यांच्या मते दार अडवायला उत्तम) आणि मी गोष्ट सोडून नुसते ठिपके बघत बसलेलो आहे. हे सगळं ज्या घरात हुंडी वटत नाही त्या घरात चाललेलं.

मग १९६५. एका मोठ्या मासिकासाठी गोष्ट काढली तेरेबी-कुन, म्हणजे टीव्हीच्या आत शिरू शकणाऱ्या मुलाची. ज्या टीव्हीने याचे धंदे बुडवले त्याच्यावरच गोष्ट काढून कोदान्शा या बड्या प्रकाशकाचं बक्षीस घेतलं. मग कितारो साप्ताहिकात गेला, १९६८ मध्ये त्याचं टीव्हीवर अ‍ॅनिमे आलं. त्याआधी नाव मात्र बदलावं लागलं, 'स्मशानातला कितारो' नावाला स्पॉन्सर कोण मिळणार, म्हणून 'गेगेगे नो कितारो'. लहानपणी याला स्वतःचं शिगेरू नाव म्हणता यायचं नाही, गेगेरू म्हणायचा, त्यावरून ते गेगेगे.

तर मी यातून काय घेतो, तर त्याच्याकडे माल दोनच गोष्टींचा होता. म्हातारीची भुतं आणि राबाउल. कामिशिबाईत, काशिहोनमध्ये, साप्ताहिकात, धंदा बदलला तरी हाच माल घेऊन गेला. राबाउलवरचं खरं पुस्तक तर १९७३ मध्ये काढलं, पन्नाशी उलटल्यावर, आणि त्यातलं ९० टक्के खरं आहे असं त्यानेच लिहून ठेवलंय. विशीतल्या पोराकडे हे कुठून येणार? तुमच्याकडे ३४ वर्षांचं काय साठलंय ते मला माहीत नाही, ते तुम्ही बघा.

नोकरी सोडायची का, तर माझ्या मते अजिबात नाही. मिझुकीला सोडायला नोकरीच नव्हती, आणि त्याच्या बायकोला काळी केळी खायला लागली हे विसरू नका. आणि झोपा नीट. त्याने एका छोट्या कॉमिकमध्ये लिहिलंय की तेझुका आणि इशिनोमोरी हे दोघं मोठे आर्टिस्ट कसं रात्र रात्र जागून काम करतो ते सांगत होते आणि हा म्हणाला मी भरपूर झोपतो. ते दोघंही साठाव्या वर्षी गेले. हा २०१५ मध्ये गेला, ९३ चा होऊन, आणि ९१ व्या वर्षी बिग कॉमिक या मासिकात नवीन मालिका सुरू केली होती.

वाचायला सुरुवात करणार असाल तर कितारोने नको, आधी त्या म्हातारीवरचं त्याचं नोन्नोन्बा हे पुस्तक वाचा, इंग्रजीत मिळतं. त्याला २००७ मध्ये फ्रान्समधल्या आंगुलेम कॉमिक महोत्सवाचं सर्वोत्कृष्ट पुस्तकाचं बक्षीस मिळालंय, पण ते सोडा, त्यातली ती छत चाटणाऱ्या भुताची पानं बघा आणि मग मला सांगा.