थेंब पुन्हा गोल झाला, म्हणून एमबीए?

प्रश्न : माझी मुलगी टीवाय बीएस्सीला (रसायनशास्त्र) आहे. सेन्सरसाठी सिलिकॉन रबराच्या फिल्मवर अतिनील प्रकाश टाकायचा प्रकल्प तिने केला. आठवड्यात फिल्म मूळपदावर आली. प्रकल्प फसला, आता एमबीएच करते म्हणते. काय करावं? – एक पालक, बार्शी

उत्तर : नमस्कार. प्रकल्प फसलेला नाही, हे तिला आजच सांगा.

या फिल्मवर पाण्याचा थेंब अळवाच्या पानावर बसावा तसा गोल बसतो. पाऱ्याच्या दिव्यातला 185 नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील प्रकाश हवेतल्या ऑक्सिजनचा ओझोन करतो, 254 चा तो ओझोन फोडतो. सुटलेला अणुरूप ऑक्सिजन फिल्मच्या अगदी वरच्या थराशी अभिक्रिया करतो, तिथे पाण्याला ओढणारे हायड्रॉक्सिल (ओएच) गट तयार होतात आणि थेंब पसरतो. सेन्सरला हेच हवं असतं. रक्ताचा नमुना पसरला पाहिजे आणि एन्झाइम किंवा अँटिबॉडी जागेवर बांधून ठेवता आली पाहिजे. पण रबरातल्या मोकळ्या, लहान साखळ्या हळूहळू वर येतात आणि थेंब पुन्हा गोल होतो. संशोधकांनाही हीच डोकेदुखी आहे. कोणी फिल्म पाण्यात ठेवतात, कोणी लगेच त्यावर सिलेनचा (सिलिकॉनयुक्त रसायनाचा) थर जोडतात. कोणत्या दिवशी थेंबाचा फिल्मशी कोन किती होता (थेंब जितका गोल, तितका कोन मोठा), हे तिने वहीत लिहिलंय का? असेल, तर एमएस्सीच्या मुलाखतीत तीच वही पुढे ठेवावी.

आता पोटापाण्याचं. फक्त 'प्रकाशाने फिल्म बदलणं' एवढ्यावर नोकऱ्या मोजक्याच, त्याही बहुतेक पीएचडीनंतर. म्हणून एमएस्सी रसायनशास्त्र किंवा पॉलिमरमध्येच, पाया रुंद ठेवून करावी. आयआयटीत जायचं तर एमएस्सीची प्रवेश परीक्षा 'जॅम' फेब्रुवारीत असते, अर्ज सप्टेंबरच्या सुमारास सुटतात. पुढे 'नेट' परीक्षेतून जेआरएफ (संशोधनासाठीची पाठ्यवृत्ती) मिळाली, तर पीएचडीला पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा (एनसीएल) किंवा माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था (आयसीटी) आहेच. संशोधन नकोसं झालं तरी हे शिक्षण वाया जात नाही. वेफर्सच्या पाकिटाच्या फिल्मवर शाई धरावी म्हणून कारखान्यात आधी कोरोना ट्रीटमेंट (विषाणूशी संबंध नाही) करतात. तिथेही पृष्ठभागाचंच रसायन, फक्त प्रकाशाऐवजी विजेच्या ठिणग्या.

एमबीएला माझा विरोध नाही, चिडून घेतलेल्या एमबीएला आहे. दोन वर्षं नोकरी करूनही ते करता येतं.

आणि हो, दिवा लावताना डोळ्यांवर अतिनील किरण अडवणारा चष्मा होता का, ओझोन बाहेर जायला सोय होती का, तेही विचारा. नसेल, तर सरांशी तुम्हीच बोला.