कायदा एक, कवायत अनेक

प्रश्न अबूधाबीत नोकरीला असलेल्या एका वाचकाचा आहे. कामापुरती अरबी शिकायला त्यांनी नुकतीच सुरुवात केलीय. मुअल्लिम म्हणजे शिक्षक, त्याचं अनेकवचन मुअल्लिमून, इथपर्यंत ठीक. पण किताबचं किताबून न होता कुतुब का होतं? कुठल्या शब्दाला शेपूट लावायचं आणि कुठला आतून बदलायचा, हे ओळखायचं कसं? शिकवणारे म्हणतात, "नियम नाही, पाठ करा."

हे 'नियम नाही, पाठ करा' ऐकलं की माझं डोकं फिरतं. ज्या भाषेच्या व्याकरणाची इमारत बाराशे वर्षांपूर्वी सीबवैहीसारख्या माणसांनी बांधून ठेवली, तिला नियम नाहीत म्हणे!

सोपं आधी उरकतो. अरबीत अनेकवचनाला 'जम्अ' म्हणतात. आपल्या जमाखर्चातला जमा तोच. त्याचे दोन प्रकार. पहिला 'सालिम', म्हणजे शब्द शाबूत ठेवून पुढे शेपूट. पुरुषांसाठी -ऊन, आणि शब्द कर्ता नसेल तेव्हा -ईन. बोलण्यात सगळीकडे -ईनच चालतं, म्हणून तुम्हाला बाजारात मुअल्लिमून क्वचितच ऐकू येईल. बातम्यांतले मुजाहिदीन आणि फिदायीन याच घरचे. हे शेपूट जवळजवळ फक्त माणसांना लागतं. पुस्तक माणूस नाही, म्हणून किताबून नाही. स्त्रियांसाठी -आत: मुअल्लिमात. हे -आत निर्जीव वस्तूंनाही सर्रास लागतं, सय्यारा म्हणजे गाडी, सय्यारात गाड्या. आपली खैरात हे खैरचं अशाच शेपटीचं अनेकवचन. करामत एक आणि करामात अनेक. मराठीत दोन्ही आली आणि दोन्ही एकच होऊन बसली. दोनच वस्तू असतील तर -आन किंवा -ऐन, हा द्विवचनाचा थाट निराळाच. शेजारच्या बहरीनचं नावच 'दोन समुद्र' आहे. झालं.

आता दुसरा प्रकार, 'मुकस्सर', मोडलेलं अनेकवचन. 'कसर राहिली' म्हणतो त्यातली कसर याच धातूची. इथे शेपूट नाही. शब्दाची व्यंजनं तेवढी ठेवायची, स्वर काढून टाकायचे आणि ती व्यंजनं नव्या साच्यात ओतायची. किताबमधली क-त-ब घ्या, उ-उ हा साचा घ्या, कुतुब. तसंच मदीनाचं मुदुन, सबीलचं सुबुल, रसूलचं रुसुल. कुतुबखाना म्हणजे पुस्तकांचं घर, त्यातलं कुतुब हेच.

तीन व्यंजनांच्या शब्दांना असे साचे बरेच आहेत आणि कुठला शब्द कुठल्या साच्यात जाईल हे नेहमी सांगता येत नाही. तेवढ्यापुरतं तुमच्या शिक्षकांचं म्हणणं मान्य. पण व्यंजनं चार झाली की निवड संपली! मग साचा एकच, अ-आ-इ. मस्जिदचं मसाजिद, मंझिलचं मनाझिल, दिरहमचं दराहिम. शेवटचा स्वर दीर्घ असेल तर अ-आ-ई: सुलतानचं सलातीन, संदूकचं सनादीक, दुक्कानचं दकाकीन. परक्या शब्दांचीही सुटका नाही. बुस्तान फारसी, तरी त्याचं बसातीन झालं. फुंदुक म्हणजे हॉटेल, मूळ ग्रीक, त्याचं फनादिक. फिल्म तर परवा आली, तिला तीन व्यंजनांच्या साच्यात बसवून अफलाम केलं. ज्या भाषेत परवा आलेल्या पाहुण्यालाही लगेच साचा मिळतो, तिथे नियम नाही म्हणणाऱ्यांनी निदान हळू आवाजात म्हणावं.

आणि आता ज्यासाठी मी हा प्रश्न हातात घेतला ते. शब्दाच्या पहिल्याच अक्षरात 'आ' असेल तर साच्यात शिरताना त्या आचा 'वा' होतो. फाइदाचं फवाइद. जामिअचं जवामिअ. लाझिमचं लवाझिम, आपला लवाजमा तिथलाच. तर मग काइदा? काइदा म्हणजे आपला कायदा. त्याचं अनेकवचन कवाइद. मोठ्याने म्हणा. कवाइद, कवाईत, कवायत!

शाळेच्या मैदानावर सावधान-विश्राम करत आपण जे केलं, ते कायद्याचं अनेकवचन. कुणी कवायतीचा संबंध काया-व्यायामाशी जोडतात. त्यांनी शेवटच्या तचं काय ते सांगावं. आमच्याकडे त्याचं उत्तर आहे. अरबी मदद मराठीत मदत झाली, फारसी पसंद पसंत झाली, त्याच वाटेने कवाइदच्या दचा त झाला. अर्थही सरळ चालत आलाय. कवाइद म्हणजे नियम, मग सैन्याच्या हालचालींचे नियम, मग ती हालचालच. १७६१ साली पानिपतावर इब्राहिमखान गारदी होता, १७८४पासून महादजी शिंद्यांसाठी द बॉइन युरोपीय धर्तीच्या पलटणी उभ्या करत होता. 'कवायती फौज' हा शब्दप्रयोग आपल्या इतिहासात रुजला तो अशा पलटणींमुळे. घोड्यावरून वाटेल तसा तुटून पडणारा तो कवायती नव्हे. रांगेत, नियमानं पाऊल टाकणारा तो कवायती. शब्दाने आपलं मूळ किती इमानाने सांभाळलंय बघा.

अजून खाली उतरू. या शब्दाचा धातू क-ऐन-द (ऐन हे घशातून काढायचं अरबी व्यंजन, देवनागरीत ते दिसत नाही), अर्थ 'बसणे'. काइदा म्हणजे ज्यावर काही बसतं ते, पाया, बैठक. कुराणात इब्राहीम काब्याचे पाये उभारतात तिथे शब्द कवाइद हाच आहे. बातम्यांतली अल-कायदाही तीच, पाया किंवा तळ. आणि अरबी शाळांत व्याकरणाच्या विषयाला काय म्हणतात? अल्-कवाइद. तेव्हा वाचकहो, तुम्ही सध्या अबूधाबीत संध्याकाळी कवायत करताय.

इथे एक गैरसमज ठेचतो, कारण तो शिकल्यासवरल्या माणसांकडून ऐकलाय: कायदेआझम म्हणजे 'थोर कायदेपंडित', कारण जीना बॅरिस्टर होते. अजिबात नाही. तो काइद निराळा, त्यात ऐन नाही. धातू क-व-द, अर्थ पुढे राहून नेणे, म्हणून काइद म्हणजे नेता. विश्वास नसेल तर अनेकवचन करून बघा. त्याचं कुव्वाद होतं, कवाइद नाही. देवनागरीत सारख्या दिसणाऱ्या दोन शब्दांचं कूळ वेगळं आहे की नाही, याची परीक्षा त्यांचं अनेकवचन घेतं. मोडलेल्या अनेकवचनावर माझं प्रेम आहे ते यासाठी. शब्द मोडला की आतली हाडं दिसतात.

हीच परीक्षा औकातला लावा. "तुझी औकात काय" म्हणणाऱ्यांपैकी कितींना ठाऊक असतं की ते वेळ विचारतायत? वक्तचं अनेकवचन औकात. वेळा, मग दिवस, मग परिस्थिती, मग ऐपत. एका लेखात मी वाचलं की औकात हे 'औक'ला -आत लागून झालं. औक आपल्या आजीच्या आशीर्वादात असतं, अरबीत नव्हे! इथला त शेपटाचा नाही, व-क-तमधला मूळचा त आहे. साचा अ-आ, व्याकरणकारांच्या भाषेत अफ्आल: वक्त-औकात, हाल-अहवाल, खबर-अखबार, वलद-औलाद.

उलटी फसगतही होते. हुकूम, जुलूम, मुलूख यांतला ऊ पाहून काहींना ती हुकूकसारखी अनेकवचनं वाटतात. हुकूक हे हक्कचं खरं अनेकवचन. हुकूम मात्र हुक्म, जुलूम झुल्म, मुलूख मुल्क. जोडाक्षर जिभेला जड म्हणून मराठीने मध्ये ऊ घातला, बस्स. कुतुबमिनारातला कुतुबही तसलाच, मूळ कुत्ब, म्हणजे ध्रुव किंवा आस, एकवचनी आणि क-तही वेगळे. कुतुबखान्याशी त्याचं काही नातं नाही.

'अमीर एक, उमरा अनेक, म्हणून मराठीत "एक उमराव" म्हणणं चूक' असा दंडक घालणाऱ्यांशी माझं जुनं वैर आहे. हेच लोक 'एक अहवाल सादर झाला' म्हणताना अडखळत नाहीत. आणि खुद्द अरबांनी काय केलं? इस्म म्हणजे नाव. अनेकवचन अस्मा. त्यावर समाधान न होऊन अस्माचं पुन्हा अनेकवचन, असामी. याला ते 'जम्उल् जम्अ' म्हणतात, अनेकवचनाचं अनेकवचन. नावांच्या नावांची यादी करता करता हा शब्द आपल्या दफ्तरात आला आणि यादीतल्या एकेका माणसाला चिकटला. 'बडी असामी' म्हणजे दोनदा अनेकवचन होऊन एकटा उरलेला माणूस. आता सांगा, उमरावाने काय घोडं मारलंय?

व्याकरणकारांबद्दल आदर आहे, पण सगळंच मान्य करायचं असं नाही. त्यांच्या मते अफ्आलसारखे मोजके साचे तीन ते दहापर्यंतच्या थोड्या वस्तूंसाठी, बाकीचे पुष्कळांसाठी. त्यावर एक किस्सा सांगतात. इस्लामपूर्व काळात तायफजवळच्या उकाझच्या बाजारात हस्सान बिन साबितने आपल्या कुळाच्या पंगतीची थाळं आणि रक्ताने ठिबकणाऱ्या तलवारी गायल्या. परीक्षक होता नाबिगा. तो म्हणाला, कवी तू आहेस, पण तू आपली थाळं आणि तलवारी कमी करून टाकल्यास! हस्सानने जफनात आणि अस्याफ म्हटलं होतं. हवं होतं जिफान आणि सुयूफ. किस्सा झकास, अस्याफपुरता तर्कही बरोबर. पण -आतच्या शेपटाला 'थोडे'पणा चिकटवणं मला मुळीच पटत नाही. कुराणात मुस्लिमात येतात त्या काय दहाच्या आत मोजलेल्या बायका आहेत? मला तर वाटतं किस्सा व्याकरणकारांनीच नियमाला साक्षीदार हवा म्हणून रचला.

हां, मूळ प्रश्न. ओळखायचं असं: माणूस असेल आणि शब्द मु-ने सुरू होत असेल तर शेपूट बेधडक लावा, मुदर्रिस, मुहंदिस, मुहासिब, सगळे -ऊन/-ईन. शेवटी स्त्रीलिंगी -आ ऐकू आला तर आधी -आत करून बघा. मदरसाचं मदारिस होतं खरं, पण बहुतेक वेळा जमून जाईल. चार व्यंजनं असतील तर वरचा साचा. उरलेले तीन व्यंजनांचे शब्द एकवचन-अनेकवचन जोडीनेच वहीत उतरवा: बैत-बुयूत, कलम-अकलाम, बाब-अबवाब. एकटं एकवचन लिहून ठेवलंत तर पुढे दुप्पट काम.

आणि ज्यात सगळे नवशिके पडतात तो खड्डा वेगळाच आहे. माणसं सोडून कशाचंही अनेकवचन झालं की अरबी ते एका बाईसारखं वागवते. विशेषण स्त्रीलिंगी, एकवचनी. नवी पुस्तकं म्हणजे कुतुब जदीदा. किताब पुल्लिंगी, पुस्तकं अनेक, तरी जदीदाच. उदाहरण तुमच्या निवासाच्या कागदांवर छापलेलं आहे. देशाचं अरबी नाव बघा: अल्-इमारात अल्-अरबिया अल्-मुत्तहिदा. इमारात हे -आतचं अनेकवचन, अमिराती सात, आणि पुढची दोन्ही विशेषणं एकवचनी स्त्रीलिंगी. आणि हो, या इमारातचा आपल्या इमारतीशी संबंध लावू नका. ती ऐनवाली, बांधकामाची, ही अमीरची.