फारुकींच्या कादंबरीसाठी नोकरी सोडावी का?

प्रश्न: मी जळगावचा, वय ४७. खासगी कंपनीत वित्त विभागाचा प्रमुख आहे, नोकरीला १८ वर्षं झाली. खानदेशच्या फारुकी सुलतानांवर कादंबरी लिहायची आहे. जमाखर्चाचा तक्ता सोबत जोडलाय. या दिवाळीत राजीनामा देऊ का?

उत्तर: द्या, पण दिवाळीत नको.

तुमच्या तक्त्यात तिसऱ्या वर्षापासून दरमहा २० हजार रॉयल्टी धरली आहे. ती ओळ आधी खोडा. ५०० रुपयांच्या पुस्तकावर दहा टक्के म्हणजे प्रतीमागे ५० रुपये. वर्षाला २ लाख ४० हजार हवे असतील, तर दरवर्षी ४,८०० प्रती खपायला हव्यात. मराठीत हजाराची आवृत्ती संपली तरी लेखक पेढे वाटतो! रॉयल्टीवरच्या कर-वजावटीबद्दल मात्र तुम्ही अर्धं पान लिहिलंय. जुन्या करप्रणालीत ३ लाखांपर्यंत मिळते, पण आधी रॉयल्टी तर येऊ द्या.

खरा आधार वहिनींच्या पगाराचा आहे. हातात ६४ हजार येतात, घरखर्च ५२ आणि कर्जाचा हप्ता २१. म्हणजे दरमहा ९ हजारांची तूट. तुमचा मूळ पगार ६० हजार, म्हणून नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी (वर्षामागे १५ दिवसांचा पगार, महिना २६ दिवसांचा धरून) ६०,००० × १५/२६ × १८, साधारण ६ लाख २३ हजार, करमुक्त. त्यात एफडीतले सव्वादोन लाख घातले की साडेआठ लाखांचं गृहकर्ज फिटतं, आणि तुटीऐवजी १२ हजार उरतात. पीएफच्या ३४ लाखांना हात लावू नका. राजीनाम्यानंतरही व्याज मिळतं, फक्त ते करपात्र होतं.

रावेरच्या केळीचं उत्पन्न यात धरलेलं नाही. मे-जूनच्या एका वादळात बाग आडवी होते, हे तुम्हाला मी काय सांगायचं.

अडचण लेकीची आहे. ती बारावीला आहे. सरकारी कॉलेज मिळालं, तर वरच्या १२ हजारांत आणि उरलेल्या एफडीत भागेल. खासगी मेडिकल निघालं, तर नोकरी सोडायचा विषय चार-पाच वर्षं बंद. म्हणून प्रवेश होईपर्यंत थांबा.

तोवर वेळ वाया जात नाही. थाळनेर आणि बऱ्हाणपूर या फारुकींच्या राजधान्या, आणि १६०१ मध्ये अकबराने त्यांच्याकडून घेतलेला असीरगड, प्रत्येक ठिकाण एका दिवसात जाऊन येण्यासारखं. इतिहासाची जुनी कागदपत्रं जपणारं धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळही तसंच. सुट्टीच्या दिवशी हे उरकतं. बिनपगारी व्हायची गरज लिहायला बसल्यावर पडेल. साधनं बरीचशी फारसीत आहेत, ती वाचून देणाऱ्याचं मानधन मात्र तुमच्या तक्त्यात कुठेच दिसत नाही. वर्षाला ५० हजार तरी धरा.

कंपनीचा मेडिक्लेम राजीनाम्याबरोबर संपेल. चौघांची स्वतःची पॉलिसी याच महिन्यात घ्या. तुम्हाला बीपी आहे, आणि जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. ती मुदत पगार चालू असतानाच सुरू झालेली बरी.