टाकोची पारख टॉर्टियावरून

खाद्यप्रवास : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी सांगलीच्या विश्रामबाग भागात राहणारा निवृत्त शिक्षक आहे. माझा मुलगा कॅलिफोर्नियात, सॅन डिएगोच्या दक्षिणेस इम्पीरियल बीच या समुद्रकाठच्या लहान गावात राहतो आणि येत्या उन्हाळ्यात आम्ही उभयता काही महिने त्याच्याकडे राहणार आहोत. घरापासून पायी जाता येईल इतक्या अंतरावर टाकोची बरीच दुकाने आणि गाड्या आहेत, असे तो सांगतो. दिवसा तो कामावर असल्यामुळे आम्हा दोघांनाच फिरावे लागेल. मी मासे आणि कोंबडी खातो, बीफ व पोर्क खात नाही. पत्नी पूर्ण शाकाहारी आहे, अंडेही खात नाही. एवढ्या दुकानांतून चांगले दुकान कसे ओळखावे आणि तेथे काय मागवावे?

उत्तर : आपण ज्या गावी जात आहात, ते मेक्सिकोच्या सरहद्दीला लागून आहे, किनाऱ्यावर उभे राहून दक्षिणेकडे पाहिले की पलीकडच्या तिहुआना शहराच्या टेकड्या दिसतात. त्यामुळे तेथील टाको हा पाहुण्यांसाठी मांडलेला परदेशी पदार्थ नसून सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना नातेवाईक असलेल्या कुटुंबांचे रोजचे खाणे आहे. अशा ठिकाणी दुकानाची पारख दर्शनी सजावटीवरून किंवा मोबाइलवरच्या ताऱ्यांवरून करू नये, असे माझे ठाम मत आहे. ती टॉर्टियावरून, म्हणजे ज्या पातळ, भाकरीसारख्या पोळीत सारण घालून टाको करतात तिच्यावरून करावी. ज्याने आयुष्यभर ताटात गरम भाकरी घेतली आहे, त्याला ही पारख शिकवावी लागत नाही : मक्याची टॉर्टिया तव्यावरून नुकतीच उतरलेली असेल तर ती मऊ असते, दुमडताना चिरत नाही आणि तिला भिजवून दळलेल्या मक्याचा स्वतःचा वास असतो, पाकिटातून काढून अर्धवट गरम केलेली टॉर्टिया मात्र कडेला तडकते आणि आतील सारण कितीही चांगले असले तरी घास फिका लागतो. दुकानात शिरताच कोणी हाताने किंवा लाकडी दाबयंत्राने टॉर्टिया करीत असेल, तर पुढची चौकशी न करता बसावे. तसे नसेल तर निदान ती प्रत्येक गिऱ्हाइकासाठी तव्यावर शेकली जाते की नाही, हे पाहावे. बाहेरून आणलेल्या लहान, पातळ टॉर्टिया एका टाकोला दोन लावतात. त्यात काटकसर किंवा फसवणूक नाही, रसाने खालची टॉर्टिया भिजून फाटू नये म्हणून ती सोय आहे.

एका दुकानात पोट भरेपर्यंत खाऊ नये. तेथील टाको तळहाताएवढा असतो आणि सुटा विकत मिळतो. म्हणून एका ठिकाणी एकच घ्यावा, चालत पुढच्या ठिकाणी जावे आणि तोच प्रकार तेथेही मागवावा. मासळीचा टाको तीन ठिकाणी खाल्ला की कोणाचे तळण हलके आहे, कोणाची साल्सा, म्हणजे मिरचीची पातळ चटणी, ताजी वाटलेली आहे आणि कोण लिंबावर सगळे भागवतो, हे आपोआप कळते. तीन ठिकाणी तीन वेगळे प्रकार खाल्ले तर मात्र तुलना करताच येत नाही. पाम ॲव्हेन्यू हा तेथील मोठा रस्ता आहे. त्याला लागून असलेल्या गल्ल्यांतही डोकावावे, कारण कमी भाड्याच्या जागेत कुटुंब चालवीत असलेली दुकाने बहुधा तिकडेच असतात.

आपण मासे खाता, म्हणून मासळीच्या टाकोविषयी थोडे विस्ताराने लिहितो. हा प्रकार बाहा कॅलिफोर्निया या मेक्सिकोच्या द्वीपकल्पाचा आहे. पॅसिफिक किनाऱ्यावरचे एन्सेनादा आणि कॅलिफोर्नियाच्या आखाताच्या बाजूचे सान फेलिपे ही दोन्ही बंदरे त्याच्या जन्माचा मान आपल्याकडे घेतात आणि हा वाद सुटलेला नाही. सान फेलिपेत विद्यार्थिदशेत हा टाको खाल्लेले राल्फ रुबिओ यांनी १९८३ साली सॅन डिएगोत मिशन बे भागात आपले पहिले दुकान उघडले आणि तेव्हापासून सरहद्दीच्या अलीकडे तो सर्वत्र पसरला. पांढऱ्या, कमी काट्यांच्या माशाचा लांबट तुकडा मैद्याच्या पातळ पिठात बुडवून तळतात, मक्याच्या टॉर्टियावर ठेवतात आणि वर बारीक चिरलेली कोबी, पांढरा पातळ सॉस, साल्सा आणि लिंबू घालतात. कोबी येथे शोभेची नाही. तळलेल्या माशाची उष्णता आणि तेलकटपणा तीच सावरते, म्हणून ती कुरकुरीत आणि गार असलीच पाहिजे. मासा आपण मागितल्यावर तळला जातो का, एवढे एकच पाहिले तरी पुरे. तळलेल्या तुकड्यांची रास दिव्याखाली ठेवलेली दिसली तर तेथून निघावे. आणखी एक गोष्ट आधी माहीत असलेली बरी : पुष्कळ ठिकाणी ते पीठ बिअरमध्ये कालवतात. आपल्याला ते चालत नसेल, तर तव्यावर भाजलेला मासा मागावा. त्यासाठी ‘आ ला प्लांचा’ एवढे म्हटले की काम होते. ‘पेस्कादो’ म्हणजे मासा आणि ‘कामारोन’ म्हणजे कोळंबी.

दुकानातील पदार्थांच्या फळ्यावरचे बाकीचे शब्द ओळखता आले, म्हणजे चुकून नको ते ताटात येणार नाही. ‘पोयो’ ही कोंबडी आहे. ‘कार्ने असादा’, ‘लेंग्वा’ आणि ‘काबेसा’ हे बीफचे प्रकार आहेत. ‘अदोबादा’, ‘अल पास्तोर’, ‘कार्नितास’ आणि बहुधा ‘चोरिसो’ हे पोर्कचे आहेत. ‘बिरिया’विषयी मात्र विशेष सावध राहावे. हालिस्को प्रांतातील मूळ बिरिया बोकडाची असते आणि तशी माहिती वाचून आपल्याकडचे लोक ती निर्धास्तपणे मागवतात, पण तिहुआना आणि सॅन डिएगो परिसरात मिळणारी बिरिया बहुतेक वेळा बीफची असते. ‘चिवो’ म्हणजे बोकड आणि ‘रेस’ म्हणजे बीफ, हे दोन शब्द लक्षात ठेवून विचारावे.

आपल्या पत्नीच्या जेवणाबद्दल अधिक काळजी घ्यावी लागेल आणि त्याचे कारण दिसत नाही तेथे असते. घोटलेल्या घेवड्यात, म्हणजे ‘फ्रिहोलेस रेफ्रितोस’मध्ये, परंपरेने डुकराची चरबी घालतात, तांबूस भात पुष्कळदा कोंबडीच्या पाण्यात शिजवतात, गव्हाच्या टॉर्टियातही चरबीचे मोहन असू शकते. मक्याच्या टॉर्टियात फक्त मका, चुना आणि पाणी असते, म्हणून त्यांनी मक्याचीच मागावी. पांढरा सॉस बहुधा मेयोनेझचा, म्हणजे अंड्याचा असतो. तो नको असल्याचे सांगावे. विचारण्याचे शब्द सोपे आहेत : ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन मान्तेका’, म्हणजे मांस नको, कोंबडी नको, चरबी नको. मिळण्यासारखे पदार्थ अनेक आहेत. निवडुंगाची कोवळी पाने काटे काढून भाजतात, त्यांना ‘नोपालेस’ म्हणतात. आंबटसर, किंचित बुळबुळीत आणि चीजबरोबर अतिशय रुचकर अशी ही भाजी त्यांनी एकदा तरी खावी. ‘राहास’ म्हणजे भाजलेल्या मोठ्या मिरचीच्या पट्ट्या, आणि ‘पापास’ म्हणजे बटाटा. लहान गाडीवर एकच तवा असतो आणि त्यावर सर्व काही भाजले जाते. ही गोष्ट त्यांना खटकणार असेल, तर शाकाहारासाठी वेगळी व्यवस्था असलेले मोठे दुकान गाठावे आणि गाडीवर केवळ पेय घ्यावे. ‘हामाइका’ हे लाल पेय आपल्या लाल अंबाडीच्या फुलांचे असते आणि ते त्यांना ओळखीचे वाटेल.

वेळेचे भान ठेवल्यास निम्मे काम होते. मासळीचे टाको दुपारी उत्तम, सळईवर भाजलेल्या मांसाचे टाको संध्याकाळनंतर, आणि बिरियासारखे रात्रभर शिजणारे प्रकार शनिवार-रविवारी सकाळी. साल्सा आपल्या हाताने घ्यायच्या असतात. आपल्याकडच्या तिखटाची सवय आहे म्हणून हाबानेरो या अतिशय तिखट मिरचीची नारिंगी साल्सा एकदम पळीभर घालू नये, आधी थेंबभर चाखावी. ‘कोन तोदो?’ असे विचारले, तर कांदा-कोथिंबीर घालू का, एवढाच त्याचा अर्थ असतो. गाडीवर रोख पैसे जवळ असावेत. पलीकडे एन्सेनादापर्यंत जाण्याचा मोह होईल, कारण ते तिहुआनापासून सुमारे १०० किलोमीटरवर आहे आणि तेथील मासळीबाजाराजवळच मासळीच्या टाकोची दुकाने आहेत. तथापि आपला अमेरिकेचा व्हिसा एकाहून अधिक वेळा प्रवेश देणारा आहे की नाही, हे पाहिल्याखेरीज आणि दोन्ही देशांचे त्या वेळचे प्रवेशनियम वाचल्याखेरीज सरहद्द ओलांडू नये.

प्रश्न : मी सातारची महाविद्यालयीन विद्यार्थिनी आहे. आमच्याकडे चौपाटीवर टाको मिळतो तो कडक, कुरकुरीत कवचाचा असतो आणि त्यात राजमा, चीज व टोमॅटोचा सॉस असतो. हा खरा टाको नव्हे, असे एका मैत्रिणीने सांगितले. तसे असेल, तर मऊ टॉर्टिया आपल्याकडच्या मक्याची घरी करता येईल का?

उत्तर : कडक टाको खोटा आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. टॉर्टिया दुमडून तळण्याची रीत मेक्सिकोत आहेच, आणि कॅलिफोर्नियातील मेक्सिकन कुटुंबांनी ती आपल्या खाणावळींतून रूढ केली. सॅन बर्नार्डिनो येथे १९३७ साली सुरू झालेल्या मित्ला कॅफेत असे टाको मिळत असत. त्याच रस्त्यावर समोर दुकान चालवणाऱ्या ग्लेन बेल यांनी ते पाहिले आणि पुढे १९६२ साली टाको बेल या नावाने त्यांचा मोठा व्यवसाय उभा केला. आधीच तळून ठेवलेले कवच टिकते, वाहून नेता येते आणि शिकाऊ माणसालाही भरता येते, म्हणून तेच जगभर गेले आणि साताऱ्यातही आले. आपल्याला ते आवडत असेल तर आनंदाने खावे. मऊ टॉर्टियाची चव मात्र त्यातून कळणार नाही, म्हणून ती घरी करून पाहण्याची आपली इच्छा मला फार मोलाची वाटते.

बाजारात मिळणाऱ्या मक्याच्या साध्या पिठाची टॉर्टिया होत नाही. मक्याची भाकरी थापताना ती कशी तुटते, हे आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना ठाऊक असेल. मेक्सिकोत मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवतात. त्याने दाण्याचे टरफल सुटते, आणि दळलेल्या पिठाला असा चिकटपणा येतो की ते पातळ लाटले तरी एकसंध राहते. या प्रक्रियेचे महत्त्व चवीपुरते नाही. मक्यातील नायसिन हे जीवनसत्त्व चुन्यामुळे शरीराला उपलब्ध होते. मका युरोपात गेला, पण चुन्याची रीत त्याच्याबरोबर गेली नाही. परिणामी उत्तर इटलीत आणि पुढे विसाव्या शतकाच्या प्रारंभी अमेरिकेच्या दक्षिण भागात, मुख्यतः मक्यावर जगणाऱ्या गरीब लोकांना नायसिनच्या अभावी होणाऱ्या पेलाग्रा या रोगाने ग्रासले. मेक्सिकोत मका हेच मुख्य अन्न असूनही त्या रोगाचा असा कहर झाला नाही.

कृती अवघड नाही, वेळ मात्र हवा. कोवळी कणसे किंवा स्वीट कॉर्न चालत नाही. पूर्ण वाळलेला दाणा घ्यावा, आणि तो पशुखाद्यासाठी साठवलेल्या मालातला नसावा, कारण त्यात बुरशी असण्याचा धोका असतो. एक किलो मक्याला सुमारे १० ग्रॅम खाद्य दर्जाची चुन्याची भुकटी आणि तीन लिटर पाणी घ्यावे. भांडे स्टीलचे असावे, ॲल्युमिनियमचे नको. चुना पाण्यात विरघळवून त्यात मका घालावा आणि उकळी आल्यावर मंद आचेवर अर्धा ते पाऊण तास ठेवावा. दाणा चिमटीत चोळल्यावर साल सुटू लागली की आच बंद करून रात्रभर तसाच झाकून ठेवावा. सकाळी चार-पाच पाण्यांतून चोळून धुवावा. दाणा ओला असल्यामुळे तो गिरणीत देता येणार नाही. इडलीच्या पिठाचा वेट ग्राइंडर किंवा चांगली टाकी लावलेला पाटा उपयोगी पडतो. मिक्सरमध्ये वाटताना पाणी घालावेच लागते आणि मग पीठ सैल होते, त्यामुळे तो मार्ग मी सुचवणार नाही. पीठ मऊसर मळून लिंबाएवढा गोळा करावा, दुधाच्या पिशवीच्या दोन स्वच्छ तुकड्यांमध्ये ठेवून सपाट ताटलीने दाबावा आणि चांगल्या तापलेल्या लोखंडी तव्यावर टाकावा. कडा सुटू लागताच उलटावी, दुसरी बाजू नीट शेकली की पुन्हा उलटावी. या वेळी ती फुगली, तर पीठ जमले असे समजावे. कडा चिरल्या तर पिठाला पाणी कमी आहे. झालेल्या टॉर्टिया कापडात गुंडाळून पाव तास ठेवाव्यात, त्या आणखी मऊ होतात. आत काय भरायचे, हे सर्वस्वी आपल्या हातात आहे. भाजलेल्या मिरच्या, बटाटा आणि कांदा-कोथिंबीर पहिल्या वेळी पुरे.

प्रश्न : उभ्या सळईवर फिरणारे मांस कापून टाकोत घालताना चित्रफितींत दिसते. आमच्या मिरजेत मिळणाऱ्या शोर्म्याशी त्याचा काही संबंध आहे का?

उत्तर : थेट संबंध आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लेबनॉन आणि त्याच्या आसपासच्या प्रदेशातून अनेक कुटुंबे मेक्सिकोत स्थायिक झाली आणि प्वेब्ला शहरात त्यांनी उभ्या सळईवर भाजलेले मांस गव्हाच्या जाड रोटीत घालून विकण्यास आरंभ केला. ते ‘अरबी टाको’ तेथे आजही मिळतात. पुढे मेक्सिकन लोकांनी मेंढीच्या जागी पोर्क वापरले, त्याला वाळलेल्या लाल मिरच्यांचे आणि आचियोते या तांबड्या बियांचे वाटण लावले, सळईच्या टोकावर अननस खोचला आणि गव्हाऐवजी मक्याची टॉर्टिया घेतली. असा ‘अल पास्तोर’ तयार झाला. आपण पोर्क खात असाल आणि तिकडे जाण्याचा योग आला, तर ज्या ठिकाणी सळईमागे खरोखर ज्वाळा पेटलेली आहे आणि मांसाची बाहेरची भाजलेली कडच तेवढी पातळ कापून थेट टॉर्टियावर घेतली जाते, तेथेच थांबावे. जाड काप काढून तव्यावर परतून देत असतील, तर सळई केवळ देखाव्याची आहे असे समजावे. काही ठिकाणी याच मसाल्याची कोंबडीही मिळते, ती मात्र आधी विचारून घ्यावी.