मालिका, गेम आणि घरातले टोमणे

यावेळी आलेल्या पत्रांमधली तीन पत्रं वाचून मी अस्वस्थ झाले. तिन्ही पत्रांत कोणीतरी काहीतरी आवडीने बघतंय किंवा खेळतंय आणि घरातलं दुसरं कोणीतरी त्यावरून बोलतंय, म्हणून तिन्ही एकत्रच घेतलीयेत.

प्रश्न: मी 63 वर्षांची आहे. संध्याकाळी सात ते साडेआठ मालिका बघते, बाकी दिवसभर घरचं सगळं माझ्याकडेच असतं. मुलगा ऑफिसातून आला की सोफ्यावर बसून प्रत्येक सीनवर बोलत राहतो, "आता हिला धक्का बसणार, आता तीनदा विजा चमकणार". सून पण हसते. मालिका ताणतात हे मलाही कळतं हो, पण मन लागतं. बंद करू का?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर: काकू, अजिबात बंद करू नका. दिवसभर राबून दीड तास स्वतःसाठी मागणं हा गुन्हा नाहीये, आणि मन लागतं हे कारण पुरेसं आहे, त्याच्यापुढे काही सिद्ध करायची गरज नाही.

मालिका ताणतात हे खरंच आहे. 'चार दिवस सासूचे' 2001 ला सुरू झाली आणि तीन हजारांच्या वर भाग झाले, रोहिणी हट्टंगडींसारखी अभिनेत्री त्यात होती म्हणून लोक इतकी वर्षं धरून राहिले असं माझं मत. रोज अर्ध्या तासाचा भाग द्यायचा, त्यात जाहिराती वजा जाता वीस-बावीस मिनिटं उरतात, लिहिणारे आज लिहितात आणि दोन-चार दिवसांत ते शूट होतं, मग एकाच वाक्यावर सहा जणांचे चेहरे फिरून दाखवल्याशिवाय वेळ भरणार कसा? दर गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात, ज्या आठवड्यात भांडण झालं आणि आकडा वर गेला ते भांडण मग पुढचे दोन महिने चालतं.

आता हा आकडा कसा येतो ते तुमच्या मुलालाही वाचून दाखवा. बार्क नावाची संस्था देशभरात 50 हजारांहून जास्त घरांत मीटर बसवते, त्या घरात प्रत्येक माणसाचं रिमोटवर वेगळं बटण असतं, टीव्हीसमोर बसला की आपलं बटण दाबायचं. मीटरला एवढंच कळतं की माणूस बसलाय आणि चॅनल कुठलं चालू आहे. तो आनंदाने बघतोय की नावं ठेवत बघतोय हे त्यात कुठेच येत नाही, म्हणजे तुमच्या घरात मीटर असतं तर तुमचा मुलगा त्याच मालिकेचा रोजचा प्रेक्षक म्हणून मोजला गेला असता. आणि रोज दीड तास तो तुमच्या शेजारी बसतो की नाही? मला वाटतं त्याला तिथे बसायचंय, फक्त बसण्याचं कारण सांगता येत नाहीये. एकदा त्याला सरळ म्हणा, बाळा तू बसतोस ते मला आवडतं पण बोलतोस त्याने मला लागतं. एवढं स्पष्ट कोणी सांगितलेलंच नसतं बऱ्याच घरांत.

प्रश्न: ताई, 'बिग बॉस मराठी'मध्ये सूरज चव्हाण जिंकल्यापासून आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर अजून जोक चालतात, याचं काय टॅलेंट, रीलवाला पण सेलिब्रिटी झाला वगैरे. मला तो आवडतो पण बोलायची लाज वाटते.
– एक विद्यार्थिनी, सातारा

उत्तर: लाज वाटून घेऊ नकोस गं. बारामती तालुक्यातल्या मोढव्याचा पोरगा, लहानपणीच आई-वडील गेले, बहिणींनी वाढवलं, शाळा अर्धवट सुटली, आणि ऑक्टोबर 2024 मध्ये लोकांच्या मतांनी तो पाचव्या सीझनचा विजेता झाला. त्याचे व्हिडिओ मला स्वतःला फारसे आवडत नाहीत, ते चालेल, आवडनिवड असते. पण तुझ्या ग्रुपवर व्हिडिओबद्दल बोलतायत की त्याच्या बोलण्याबद्दल, कपड्यांबद्दल, गावाबद्दल? ते नीट बघ. कारण नट-नट्यांची मुलं काही न करता एअरपोर्टवर फोटोत झळकतात तेव्हा त्याच ग्रुपवर हार्ट पडत असतील, आणि तिथे टॅलेंट कोणी विचारत नाही. पुढच्या वेळी जोक आला की लिही, मला तो आवडतो. बस.

प्रश्न: मुलगा दहावीत आहे, मोबाइलवर बीजीएमआय नावाचा लढाईचा गेम खेळतो. जेवायला हाक मारली की "दोन मिनिटं" म्हणतो आणि अर्धा तास येत नाही. मी त्याला सैनिकसाहेब, युद्ध जिंकलं का, असं बोलतो, तर आता तो माझ्याशी बोलतच नाही. हे व्यसन आहे का?
– एक वडील, कोल्हापूर

उत्तर: दादा, आधी व्यसनाचं. जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंग डिसऑर्डर आजारांच्या यादीत घेतलाय, 2022 पासून ती यादी लागू आहे, पण त्यात म्हटलंय की खेळण्यावर ताबाच राहत नाही, बाकी सगळ्याच्या आधी गेम येतो, नुकसान दिसूनही थांबता येत नाही, आणि हे साधारण वर्षभर चालू असतं. झोप, शाळा, मित्र सगळंच सुटत चाललं असेल तर डॉक्टरांकडे जा, उशीर करू नका. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेत 2014 पासून यासाठी वेगळं क्लिनिक आहे. जेवायला उशीर करतो एवढंच असेल तर घाबरू नका.

आणि ते "दोन मिनिटं" खोटं नसतं हो. ऑनलाइन मॅच मध्येच पॉज करता येत नाही. शंभर जण उतरतात, चौघांची टीम असते, शेवटपर्यंत टिकलं तर मॅच अर्धा तास चालते, मध्येच उठला तर बाकीचे तिघे अडकतात आणि उद्या शाळेत तेच तिघे भेटणार असतात. म्हणून मॅच सुरू व्हायच्या आधी सांगा, "ही शेवटची, मग ताट वाढतो." 18 वर्षांखालच्यांना या गेममध्ये दिवसाला 3 तासांची मर्यादा आहे आणि पालकांची परवानगी लागते, तेव्हा त्याने वय खरं टाकलंय का हे शांतपणे बघून घ्या.

सांगलीत मोहित्यांचे वडगावला 2022 पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास अख्ख्या गावात टीव्ही-मोबाइल बंद ठेवतात, मोठ्यांचेसुद्धा. मला त्यातलं हे मोठ्यांचेसुद्धा फार आवडलं. तुमच्या घरात तुमचा फोन जेवताना कुठे असतो?

ते सैनिकसाहेब मात्र आजपासून बंद करा. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला ते फार लागतं. उद्या त्याच्याजवळ बसा आणि विचारा की गेममधल्या एरँगेलच्या मॅपवर तू पोचिंकी गावात उतरतोस की दुसरीकडे, आणि का. तो काय म्हणाला ते मला नक्की लिहून कळवा.