अ‍ॅम्बेसेडरचं ऑइल प्रेशर गरम झाल्यावर पडतं, इंजिन उघडावं का?

लगेच उघडू नका. परभणीच्या मे महिन्यात, 42-43 अंशांत, जुन्या इंजिनाचं प्रेशर आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) थोडं उतरणारच. आधी मेकॅनिकल गेज (प्रेशर थेट मोजणारं मीटर) लावून बघा, कारण डॅशबोर्डवरचा काटा बऱ्याचदा खोटं बोलतो. गरम इंजिनाला दर 1000 आरपीएममागे (मिनिटाला 1000 फेरे) साधारण 10 पीएसआय प्रेशर मिळत असेल तर निवांत राहा.

मग डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) हुंगा. पेट्रोलचा वास आला तर बहुधा फ्युएल पंपाचा डायफ्राम (आतला पडदा) फाटलाय, पेट्रोल चेंबरात (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत) उतरून ऑइल पातळ करतंय. आमच्याकडं मिस्त्री हे सोडून थेट क्रँकचं (इंजिनाच्या मुख्य दांड्याचं) काम काढतात! वास नसेल तर 20डब्ल्यू-50 हे जाड ऑइल भरा, रिलीफ व्हॉल्व्हची (जादा प्रेशर सोडणाऱ्या झडपेची) स्प्रिंग आणि चेंबरातली जाळी तपासा. स्प्रिंगखाली वॉशर घालून काटा चढवू नका. क्रँकची बेअरिंग झिजलेली असतील तर ती बदलावीच लागतात. खालून ठकठक येत असेल तर गाडी टोचन करूनच न्या.